नमुना खराब नव्हता

ही गोष्ट सांगायची मी पाच वर्षं टाळली. वेळ नव्हता म्हणून नाही आणि आठवत नव्हती म्हणूनही नाही. सांगितली असती तर बारामतीतल्या एका वजनदार डॉक्टरांशी वाकडं आलं असतं, आणि दाढी करताना आरशात बघणं मला अवघड झालं असतं. बिरू होता तोवर ‘दिवाळी होऊ दे’, ‘पाऊस उघडू दे’ असं करत राहिलो. आता बिरू नाही. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी त्याच्या बायकोनं, लक्ष्मीनं, इंदापूरच्या एसटीडी बूथवरून फोन केला. “सर, तुमचा बिरू गेला,” एवढंच म्हणाली. बूथवाल्याच्या यंत्राची टिकटिक मला ऐकू येत होती. ‘तुमचा’ हा शब्द तिनं का वापरला असेल, याचा विचार मी अजून करतो आहे.

बिरू माझ्या बारामतीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बारा वर्षं टेक्निशियन होता. नंतरची पाच वर्षं त्यानं इंदापुरात एका गाळ्यात स्वतःची छोटी लॅब चालवली. त्याच्यासाठी शोकसभा झाली तेव्हा बारामतीचे मोठे डॉक्टर मोटारीतून आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर संपादक छापणार नाहीत, आणि ज्यांना ओळखायचं ते न लिहिताही ओळखतील. त्यांनी फोटोला हार घातला, माइक हातात घेतला आणि म्हणाले, “बिरूला मी घडवला. मुलांच्या रक्तातला तो दुर्मीळ आजार या भागात पहिल्यांदा आम्ही ओळखला, तेव्हा तो आमच्या हाताखाली होता.” लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात ते वाक्य चौकटीत छापून आलं. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मीही मान डोलावली.

तेव्हा हा लेख श्रद्धांजली म्हणून वाचू नका. मला एका माणसाच्या अंगावरची शाल उतरवायची आहे. त्याच शालीचं दुसरं टोक माझ्याही खांद्यावर आहे, तेही उतरवायचं आहे. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. आता मला कुणी कामं पाठवत नाही, म्हणून कुणी ती बंदही करू शकत नाही. ही धिटाई उशिराची आहे, तिचं कौतुक करू नये.

बिरूचं घराणं मेंढपाळांचं. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचं आणि उन्हाळ्याच्या शेवटी इंदापूरकडं परतायचं, असं त्याच्या बापाच्या उमेदीपर्यंत चाललं. मग कालव्याचं पाणी आलं, चराऊ रानं उसाखाली गेली, कळप विकला. बिरू बी.एस्सी. झाला आणि माझ्याकडं आला. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, “रक्त बघून चक्कर वगैरे येत नाही ना?” तो म्हणाला, “सर, आमी मेंढीचं बाळंतपण पावसात उभं राहून करतो. तुमच्या बाटलीतलं रक्त लई शांत असतंय.” हा त्याचा स्वभाव. हसू ओठांच्या एका कोपऱ्यात, आणि हात कामात. त्या काळी आम्ही पिपेट तोंडानंच ओढत असू. रबरी फुगे आणतो आणतो म्हणत मी ते आणले नाहीत. बिरूचं यकृत ज्या काविळीनं पोखरलं ती त्याच्या शरीरात कुठून शिरली, हे कुणीच खात्रीनं सांगू शकणार नाही... मी मात्र अंदाज बांधू शकतो.

त्याची एक सवय मला फार त्रास द्यायची. रक्तगट दोन बाजूंनी पाहता येतो. पुढून म्हणजे रुग्णाच्या तांबड्या पेशी घेऊन त्यांच्यावर आपल्याकडची औषधं टाकायची. मागून म्हणजे त्याचं सीरम, रक्तातलं पिवळसर पाणी, दुसऱ्यांच्या ओळखीच्या पेशींवर टाकायचं. दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. लहान गावांतल्या लॅब पुढून बघत आणि मोकळ्या होत. बिरू प्रत्येक वेळी दोन्हीकडून बघे. त्यासाठी खळगे असलेली एक पांढरी चिनी मातीची फरशी त्यानं स्वतःसाठी राखून ठेवली होती. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला चालत नसे. दवाखान्याचा माणूस दारात ताटकळत असायचा आणि मी ओरडायचो, “अरे, आज तरी सोड की मागची बाजू!” तो म्हणायचा, “मेंढरू बाजारात घेताना तुमी निस्तं तोंड बघून घ्याल का सर? शेपूट उचलून बघावं लागतंय.”

महिन्यातून एका रविवारी तो एसटीनं पुण्याला जाई आणि एका ग्रंथालयात बसून परदेशी मासिकांतल्या लेखांच्या झेरॉक्स काढून आणी. त्र्याण्णव साली विलायतेत आणि अमेरिकेत एक शोध लागला होता. काही मुलग्यांच्या रक्तात प्रतिद्रव्यं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, मुळीच तयार होत नाहीत. आजार चाळीस वर्षांपूर्वी ओळखला गेला होता. कारण आता सापडलं. पांढऱ्या पेशींतलं एक एन्झाइम, एक किनेज, या मुलांत बिघडलेलं असतं. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात दुपारी सेंट्रिफ्यूज फिरत असताना बिरू तो लेख माझ्यापुढं घेऊन बसला. मी पदवीनं पॅथॉलॉजिस्ट होतो आणि मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. ते त्याच्या ध्यानात आलं, पण त्यानं ते दाखवलं नाही.

“सर, आमच्यात पूर्वी सांगावा कसा जायचा ठाव हाय का?” त्यानं विचारलं. “एका वाड्यावरनं, म्हंजी मेंढरांच्या मुक्कामावरनं, दुसऱ्या वाड्यावर. निरोप्या यायचा, निरोप सांगायचा आणि पुढच्या गड्याच्या कपाळाला भंडारा लावायचा. एकदा का हळद कपाळाला लागली की त्यो गडी बांधला गेला. निरोप पुढच्या वाड्यावर न्हेऊन, तितल्या गड्याला भंडारा लावल्याबिगर त्यानं पाणी बी प्यायचं न्हाय. ह्यो किनेज म्हंजी भंडारा लावणारा गडी. पेशीच्या अंगावर बाहेरनं निरोप येतो, ह्यो आत बसलेला असतो. त्यो उठतो, पुढच्या प्रथिनाला फॉस्फेटचा टिळा लावतो. टिळा लागला की ते प्रथिन जागं होतं आणि आणखी पुढच्याला उठवतं. असं करत करत निरोप पार गाभ्यात जातो, तवा कुठं पेशी म्हनती, आता आपुन मोठं व्हायचं, फौज काढायची.”

“आणि हा गडीच नसला तर?”

“तर निरोप दारात येऊन बसून ऱ्हातो. पेशी हाडाच्या मगजातच ल्हान ती ल्हानच. फौज न्हाय.” मग तो म्हणाला, “आणि सर, लावणारा हाय तसा पुसणारा बी हाय. दुसरं एन्झाइम त्यो टिळा काढून टाकतं. ते बी लागतंय. निस्ता भंडाराच लावत सुटलं तर कळप उधळंल. पर येळेआधी पुसणारा सगळ्यात वाईट.” हे शेवटचं वाक्य लेखात नव्हतं, ते बिरूचं होतं. मी हसलो होतो. आज ते वाक्य माझ्यावर येऊन बसलं आहे. कसं, ते पुढं सांगतो.

त्याच वर्षी गणपती उठल्यावर मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून एका चार वर्षांच्या मुलाचं रक्त गट पाहण्यासाठी आलं. त्याला मी विकास म्हणतो आणि त्याच्या आईला शालन. ही नावं बदललेली आहेत. गाव वडगाव निंबाळकर म्हणतो, ते शेजारचंही असू शकेल. घर भाजीपाला पिकवणारं, बागाईत, खाऊनपिऊन सुखी. पण या मुलाचा कान सतत वाहायचा, आणि दर दोन महिन्यांनी छातीत कफ भरून तो दवाखान्यात यायचा. बिरूनं नेहमीप्रमाणं दोन्हीकडून पाहिलं. पुढून गट ओ निघाला. ओ गटाच्या माणसाचं सीरम ए आणि बी दोन्ही पेशींच्या गुठळ्या करतं, कारण त्यात दोन्हींविरुद्ध प्रतिद्रव्यं असतात. विकासचं सीरम दोन्हींवर टाकलं, आणि काही नाही. फरशीच्या खळग्यांत पेशी सायीसारख्या शांत तरंगत राहिल्या.

अशा वेळी शंभरातले नव्व्याण्णव टेक्निशियन म्हणतात, पेशी जुन्या झाल्या असतील. बिरूनं ताज्या पेशी घेतल्या, स्वतःचं सीरम शेजारी टाकून बघितलं, तीनदा केलं. मग घशाचा नमुना घ्यायच्या निमित्तानं तो दवाखान्यात गेला आणि मुलाला ‘आ’ करायला लावून आला. “सर, ह्या पोराच्या घशात टॉन्सिलच न्हाईत. ज्या पेशींनी ते भरायचं, त्याच न्हाईत,” तो मला म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. त्यानं सीरम विद्युत-पट्टीवर लावलं, म्हणजे विजेच्या प्रवाहानं त्यातली प्रथिनं कागदावर वेगवेगळी केली. तो रंगवलेला कागदी तुकडा मी भिंगाखाली पाहिला. पहिली जाड लाल रेघ होती, नंतरच्या बारीक रेघा होत्या, आणि शेवटी जिथं प्रतिद्रव्यांचा रुंद लालसर पट्टा असायला हवा, तिथं कोरा कागद होता. मीही पाहिला. माझ्या डोळ्यांनी पाहिला, हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

पुढच्या रविवारी तो पुण्याला गेला नाही. मुलाच्या आजोळी गेला, इंदापूर तालुक्यातल्या एका खेड्यात. शालनच्या आईला मी गऊबाई म्हणतो. तिच्याकडून त्यानं चार पिढ्यांची माणसं लिहून घेतली. गऊबाईला तीन मुलगे झाले होते, तिघंही पाच वर्षांच्या आत गेले होते. तिच्या बहिणीचाही एक मुलगा तसाच गेला होता. मुली सगळ्या ठणठणीत. बिरूनं त्याची वंशावळ काढली ती त्याच्या बापाच्या रीतीनं. सगळे मेंढपाळ असं करतात की नाही मला माहीत नाही, पण त्याचा बाप कोकराच्या डाव्या कानाला आईच्या वळणाची खूण कापायचा आणि उजव्या कानाला नराच्या. कळपात एखादी खोड निघाली की कान बघून ती कुठल्या मेंढीकडून आली हे सांगता यायचं. बिरूनं माणसांच्या जागी छोटे छोटे कान काढले होते. डाव्या कानाची एक खूण आजीकडून लेकीकडं, लेकीकडून नातवाकडं उतरत होती. मुलींना ती नुसती शिवून जात होती. मुलगा मात्र तिच्यातून सुटला तर सुटला, सापडला तर गेला. पुस्तकांत हे गुणसूत्रांच्या भाषेत लिहिलेलं असतं. बिरूच्या कागदावर ते वीस कानांत होतं.

“हा कागद रिपोर्टला लाव,” मी म्हणालो.

“न्हाय सर. ह्यो सासरच्यांच्या हातात पडला तर समदं शालनताईच्या अंगावर येईल. ‘तूच घेऊन आलीस’ म्हनतील. रक्तात कुणाचा गुन्हा नसतो, पर ते त्यास्नी कोण सांगनार?” त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली. रिपोर्टात फक्त मुलापुरतं लिहिलं: प्रतिद्रव्यं जवळजवळ नाहीत, जन्मजात दोषाची शंका, पुण्याला तपासणी व्हावी, तोवर प्लाझ्मा देण्याचा विचार व्हावा. खाली मी सही केली.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर स्वतः लॅबमध्ये आले. मागोमाग शालन, कडेवर विकास, आणि तिचे सासरे. त्यांना सगळे तात्या म्हणत. डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर टाकला. “काय हो, आता तुमचे टेक्निशियन निदान करायला लागले का? हा उद्या ऑपरेशनही करेल!” मग बिरूकडं वळून, “मेंढरं वळता वळता जन्मजात दोष ओळखायला शिकलास होय रे? कशावरून जन्मजात? सांग की, कशावरून?”

बिरूच्या पँटच्या खिशात तो कागद होता. मला माहीत होतं. त्यानं तात्यांकडं पाहिलं, शालनकडं पाहिलं आणि तो गप्प राहिला. माझ्या लॅबमधली मोठी बोलणी मी खूप ऐकली आहेत, पण त्या गप्प राहण्याएवढं मोठं काही मी ऐकलेलं नाही. आणि ते गप्प राहणं मी त्याच्याविरुद्ध वापरलं.

मोठे डॉक्टर मला बाजूला न घेता, सगळ्यांसमोरच म्हणाले, “तुम्ही सज्जन आहात. नमुना खराब असेल, तसं लिहा आणि विषय संपवा. नाहीतर आमचे नमुने पाठवायला बारामतीत इतर लॅबही आहेत.” मी पेन उघडलं. बिरूच्या नीट अक्षरातल्या रिपोर्टावर आडवी रेघ मारली आणि लिहिलं, ‘नमुना खराब, निष्कर्ष ग्राह्य नाही.’ खाली पुन्हा सही केली. इथंही थांबता आलं असतं. पण तात्यांनी विचारलं, “खराब कसा झाला म्हनायचा? रगात तर डागदरांनी चांगलं काढलं हुतं.” तेव्हा मी... मी म्हणालो, “टेक्निशियनकडून झालं.”

शालन बिरूजवळ गेली. “एवढ्याशा लेकराच्या दंडात सुई खुपसून काढल्यालं रगात तुमी नासवलं?” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. विकास तिच्या खांद्यावरून बिरूकडं बघून हसला. ‘आ’ करायला लावणारा माणूस त्याच्या ओळखीचा झाला होता. बिरूनं हात पुसले. तात्या उठता उठता म्हणाले, “चल पोरी. आता ह्या लेकराचं रगात कुणाला काढू द्यायचं न्हाय.” आणि खरोखरच त्यांनी ते पुन्हा कुणाला काढू दिलं नाही.

माझ्या त्या दोन शब्दांची किंमत ही होती. मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा नमुना मागितला नाही, घरच्यांनी दिला नसता, आणि विकास आठ महिन्यांनी, वैशाखात, न्यूमोनियानं गेला. दर महिन्याला दुसऱ्यांचा प्लाझ्मा, त्यातल्या प्रतिद्रव्यांसकट, मिळाला असता तर तो जगला असता का? खात्री कुणी देऊ नये. पण त्याच आजाराचा त्याचा धाकटा भाऊ आज जिवंत आहे.

बिरूला मी कामावरून काढलं नाही. फक्त ‘थांब’ म्हणालो नाही. त्या प्रसंगानंतर आठवड्यानं त्यानं किल्ली टेबलावर ठेवली, त्याची खळग्यांची फरशी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि म्हणाला, “येतो सर. मागनं बघायची सवय कुणाला तरी लावा.” इंदापुरात त्यानं लॅब थाटली. पण ‘रक्त नासवणारा’ हे नाव त्याच्या आधी तिथं पोचलं होतं. आजूबाजूच्या गावांतली माणसं त्याच्या दारावरून पुढं जात. तो साखर आणि लघवी तपासत राहिला.

शहाण्णव साली शालनला पुन्हा मुलगा झाला. अशी बाळं पहिले सहा-सात महिने छान असतात, कारण आईनं पोटात दिलेली प्रतिद्रव्यं तोवर पुरतात. नंतर याचाही कान वाहू लागला. पुढं काय झालं ते मला बिरूच्या दहाव्याला कळलं, तोवर नाही. विधी उरकल्यावर एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. ती गऊबाई होती.

“तुमीच न्हवं का ते सहीवालं डागदर?” तिनं विचारलं. मी हो म्हणालो. “मग ऐका. धाकट्याला ताप आला तवा मी बिरूकडं आले. त्यानं ते कानाचं चित्तर आन् एक चिठ्ठी पाकिटात घातली. म्हनला, आई, हे पुण्याच्या सरकारी दवाखान्यात ह्या ह्या डागदराच्या हातात द्या, दुसऱ्या कुणाच्या न्हाय. आन् माझ्या कपाळाला भंडारा लावला. म्हनला, निरोप पोचवायचा, पर माझं नाव घ्यायचं न्हाय. नाव घेतलं तर ती मान्सं पोराला पुण्याला न्हेनार न्हाईत. म्या पोचवला. नाव घेतलं न्हाय. लेकीफुडं बी न्हाय.”

पुण्यात तपासणी झाली आणि निदान पक्कं झालं. महिन्याच्या महिन्याला प्लाझ्मा देण्याची सोय मात्र बारामतीत, मोठ्या डॉक्टरांकडंच झाली. पुण्याहून आलेला कागद त्यांनी वाचला असणार. दोन वर्षांपूर्वी आपण काय फेकून दिलं होतं, ते त्यांना त्या वेळी कळलं असणार. त्यांनी काय केलं? शालनकडून शाल आणि नारळ घेतला आणि फोटो काढून दवाखान्यात लावला. डॉक्टरसाहेब, तो फोटो अजून तिथं आहे. तुम्ही हा लेख वाचाल तेव्हा त्या भिंतीकडं बघा. ज्याला मेंढरं वळणारा म्हणालात त्यानं कळपाच्या कानांवरून जे ओळखलं, ते तुम्हाला घशात टॉर्च मारून दिसलं नाही. ज्याला रक्त नासवणारा ठरवलंत त्याचं नाव न घेतल्यामुळंच ते मूल तुमच्यापर्यंत जिवंत आलं. तुम्ही खटला भरा, माझी हरकत नाही. ती रंगवलेली पट्टी मी फेकली नव्हती. तुमच्यासमोर आडवी रेघ मारलेला तो रिपोर्ट आणि ती पट्टी माझ्या शब्दकोशात पाच वर्षं दाबून ठेवली आहे. कोर्टात घेऊन येईन.

गऊबाई पुढं म्हणाली, “त्यो गेला. आता माझी शपथ फिटली. पर लेकीला माझं खरं वाटायचं न्हाय. कागदावर सही तुमची हाय. तुमी सांगा तिला.” आणि कमरेच्या चंचीतून चिमूटभर भंडारा काढून, मी मागं सरकायच्या आत, तिनं माझ्या कपाळाला लावला.

मी तिथून निघालो ते बारामतीला गाडी बदलून वडगावला जायचं ठरवूनच. बारामतीच्या स्टँडवर उतरलो. नळ होता. ओळखीचे लोक कपाळाकडं बघतील असं वाटलं, आणि मी तोंड धुतलं. भंडारा पुसला... वेळेआधी. पुढच्या एसटीत बसल्यावर मला बिरूचं ते वाक्य आठवलं.

शालन ओळख ठेवून होती. अंगणात वांगी निवडणं चाललं होतं. धाकटा तीन वर्षांचा, चांगला अंगापिंडानं, किडकी वांगी वेगळी फेकत होता. तिनं चहा दिला. “दहाव्याला गेला हुता म्हनं त्याच्या?” तिनं विचारलं. “मेल्या माणसाला वाईट बोलू नये. पर माझ्या इकासचं रगात नासवलं त्यानं, ते मी न्हाय इसरायची. शोकसभेला बोलावणं हुतं, म्या न्हाय गेले. बरं झालं, ह्याच्या येळेला मोठं डागदर देवावानी धावलं.” मी तोंड उघडलं. मग म्हणालो, “चहा छान झालाय.” आणि शेवटची गाडी गाठायचं निमित्त काढून उठलो.

म्हणून हे लिहिलं. शालनताई, विकासचं रक्त बिरूनं नासवलं नव्हतं. नमुना खराब नव्हता. खोटं मी लिहिलं आणि खोटं मी बोललो. तुझा दुसरा मुलगा बिरूनं वाचवला, आणि त्यासाठी तुझ्या शिव्या अंगावर ठेवून घेतल्या. तुझ्या आईकडं काही दोष नाही, तुझ्याकडंही नाही. हा अंक छापून आला की मी स्वतः घेऊन येणार आहे, आणि तुझं वाचून होईपर्यंत अंगणात उभा राहणार आहे. त्यानंतर तू काय करायचं ते कर. चहा देऊ नकोस.

लक्ष्मीनं मला त्याची खळग्यांची फरशी दिली. “त्येंनी सांगितलं हुतं, सरांस्नी द्या,” म्हणाली. ती आता माझ्या टेबलावर आहे. बारा खळगे आहेत, त्यातले कडेचे दोन तांबूस झालेत, कितीही घासले तरी निघत नाहीत. बिरू त्यांच्यात सीरम टाकायचा. मागची बाजू.

बिरूला मी शेवटचा भेटलो तो जूनमध्ये. तो इंदापुरात, घराच्या ओसरीवर खाटेवर होता. डोळे हळदीसारखे पिवळे. बारामतीहून जाताना एसटीत सगळ्या रस्त्याभर मी तीन वाक्यं घोकत होतो, शाळेत कविता घोकावी तशी. शेजारच्या माणसानं विचारलंही, “आजोबा, काय जप चाललाय?” बिरूनं मला पाहून उठायचा प्रयत्न केला. लक्ष्मीनं स्टूल आणून ठेवलं आणि ती आत गेली. आम्ही दोघंच होतो. तो माझ्याकडं बघत होता. वाट बघत होता असं मला तेव्हाही वाटलं. मी विचारलं, “काय रे, यंदा कालव्याला पाणी आहे का इकडं?” त्यानं अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, “हाय सर. हाय बऱ्यापैकी.” अर्ध्या तासानं मी उठलो.

ती तीन वाक्यं अशी होती: बिरू, तुझं बरोबर होतं. तुझ्या खिशात कागद आहे हे मला माहीत असूनही मी तुझं नाव घेतलं. मला माफ कर.